कारण : पाय

बँकेत ३१ वर्षं मी एकच काम मनापासून केलं. ज्याला पैशांची खरी गरज आहे, त्याला ते मिळणार नाहीत याची काळजी घेतली. ज्याला गरज नव्हती त्याच्या घरी जाऊन, चहा पिऊन, कर्ज त्याच्या गळ्यात मारून आलो. पण झिजलेली चप्पल घालून कोणी टेबलासमोर उभा राहिला की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, ‘‘आणखी एक जामीनदार लागेल.’’ सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत म्हशीसाठी कर्ज मागायला आलेला म्हातारा जाता जाता म्हणाला होता, ‘‘सायेब, एवढ्या कागदांची वैरण केली असती तर म्हस बिनकर्जाची जगली असती.’’ मी ते हसण्यावारी नेलं. त्याचा अर्ज मी नामंजूर केला तो या बोलण्यामुळे नव्हे. एका कागदावर डाव्या हाताचा अंगठा होता आणि दुसऱ्यावर उजव्या. नियम म्हणजे नियम.

अशा माणसाच्या हाती अमेरिकेतल्या एका शाळेने गरीब मुलांच्या कपाटाची किल्ली दिली. शाळेची चूक नाही. शिफारस आमच्या सुनेची होती.

सून न्यू जर्सीत एका सरकारी शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवते. न्यूअर्कपासून अर्ध्या तासावरचं गाव आहे. नाव सांगत नाही. पुढच्या मजकुरात अब्रू जाणार आहे ती माझी, शाळेची कशाला? निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे राहायला आलो. पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक दिले. दुसऱ्या महिन्यात फ्रिजला आवक-जावक वही अडकवली. तिसऱ्या महिन्यात सून म्हणाली, ‘‘बाबा, आमच्या शाळेत नर्सच्या खोलीत एक कपाट आहे. ते लावायला कोणीतरी हवंय. तुमच्याइतकं शिस्तीचं माणूस माझ्या माहितीत नाही.’’

मला भरून आलं. सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘तिने तुम्हाला घराबाहेर काढलंय, कळलं का?’’

कळलं नव्हतं.

शाळेत फुकट काम करायचं म्हणून कोणी सरळ आत घेत नाही. दहाही बोटांचे ठसे घेतले. (एका हाताचे, दुसऱ्या हाताचे, सगळे चालले. म्हातारा आठवला.) मग क्षयाची चाचणी. आपल्या पिढीच्या दंडावर बीसीजीची खूण असते आणि त्या लशीमुळे ही चाचणी आपल्या हातावर अनेकदा उगाचच उठते. माझी तर बटाटेवड्याएवढी उठली. मग छातीचा एक्स-रे. कपाटातले मोजे घडी करून ठेवण्यासाठी माझी फुप्फुसं तपासली गेली. एवढी कागदपत्रं मीसुद्धा कधी कोणाकडे मागितली नव्हती, आणि याचं मला थोडं वाईट वाटलं, म्हणजे मागायची राहून गेली याचं.

नर्सबाई मूळच्या जमैकाच्या. उंच, भारदस्त, आणि समोर कोणीही असो, त्याला ‘हनी’ म्हणणाऱ्या. पहिल्या दिवशी मलाही म्हणाल्या. ३९ वर्षांच्या संसारात हा शब्द आमच्याकडे फक्त बाटलीवर आला होता.

कपाट उघडलं. मोजे, आतले कपडे, टूथब्रश, डिओडरंट, सॅनिटरी पॅड, शाम्पूच्या छोट्या बाटल्या, सूर्यफुलाच्या बियांचं लोणी (शेंगदाण्याचं चालत नाही, एखाद्या पोराला ॲलर्जी असते आणि जिवावर बेततं), कपात गरम पाणी ओतलं की होणाऱ्या शेवया. मी विचारलं, ‘‘हे सगळं सरकार देतं?’’ त्या हसल्या. थोडं चर्चमधून येतं, थोडं पालकांकडून, बाकीचं शिक्षकांच्या खिशातून. सून तोवर याबद्दल काहीच बोलली नव्हती. मी संध्याकाळी आकडे शोधले, कारण मला आकड्यांशिवाय झोप येत नाही. २०१४-१५ च्या सरकारी पाहणीत सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी पदरमोड केल्याचं आढळलं, सरासरी ४७९ डॉलर. आयकरात त्यापोटी २०२५ साली ३०० डॉलरची वजावट होती. वजावट, परतावा नव्हे! लोकांना हा फरक कळत नाही. २२ टक्क्यांच्या पायरीवरच्या शिक्षकाचे त्यात फक्त ६६ डॉलर वाचायचे. मी हे सुनेला कागदावर मांडून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘बाबा, मी पावत्याच ठेवत नाही.’’ ते ऐकून मला गरगरलं. घरातले ग्रॅनोला बार कुठे जातात याचा संशय मी दोन महिने मुलावर घेत होतो, तेही त्याच वेळी उलगडलं.

पहिला सोमवार. सकाळी नऊच्या सुमारास निळ्या हुडीतला एक मुलगा पोट धरून आला. सातवीतला असावा. नर्सबाई फोनवर होत्या. समोर मी. पोटदुखी म्हणजे आमच्या घराण्यात राखीव विषय. मी त्याला बसवलं आणि आजीकडून आलेलं सगळं ज्ञान माझ्या रिझर्व्ह बँक इंग्रजीत त्याच्यापुढे ओतलं : ओवा, सैंधव, शेकणं, आणि सर्वांत गुणकारी म्हणजे लंघन. ‘‘काही खाऊ नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘पोटाला विश्रांती दे. एक दिवस उपास केलास की खडखडीत बरा होशील.’’

मुलाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून नीट विसरता आलेली नाही. त्यात राग नव्हता. ‘हे तर मी करूनच आलोय’ असं काहीतरी होतं.

नर्सबाईंनी फोन ठेवला, त्याच्या हातात दुधाचा छोटा खोका आणि बिस्किटांचा पुडा दिला, आणि ‘‘जरा इथे पडून राहा, हनी’’ म्हणून पडदा ओढला. दहा मिनिटांनी पोटदुखी गेली. मुलगा वर्गात गेला. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘सोमवारी पोट दुखतं. मंगळवारी नाही.’’

हे दुखणं जुनं आहे आणि ते ओळखण्याचा मानही एका शाळेच्या नर्सचाच. १९९० च्या दशकाच्या मध्यावर आर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉकमध्ये एका नर्सच्या लक्षात आलं की पोटदुखी आणि चक्कर घेऊन येणारी मुलं आजारी नाहीत, उपाशी आहेत. तिने तिथल्या राइस डेपो या अन्नपेढीला सांगितलं, आणि शुक्रवारी मुलांच्या दप्तरात शनिवार-रविवारचं खाणं घालून द्यायची पद्धत सुरू झाली. आता ती देशभर आहे. मी हिशोब केला. शुक्रवारचं शाळेतलं जेवण पावणेबाराला, सोमवारची न्याहारी पावणेआठला. ६८ तास. बँकेत आम्ही शनिवार-रविवारचंही व्याज लावायचो. शनिवार-रविवारी भूकही लागते हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

भारताची बाजू राखणं मला भाग होतं. नर्सबाईंना मी सांगितलं की आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच आदेश दिला, सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या. खिचडीच्या रांगेत कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. त्यांना ते फार आवडलं. ‘‘आणि रविवारी?’’ त्यांनी विचारलं. मी मोजे मोजायला लागलो.

इथे दाखला मागतात. मला ती व्यवस्था पाहून घरी आल्यासारखं वाटलं. १९४६ साली ट्रुमन यांनी शाळेतल्या जेवणाच्या कायद्यावर सही केली. कायद्याच्या दुसऱ्याच कलमात ‘राष्ट्रीय सुरक्षेचा उपाय’ असं लिहिलंय, म्हणजे रणगाडे आणि पोळी-भाजी एकाच खात्यावर. केंद्राच्या नियमाने उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत, जास्तीत जास्त ४० सेंट. न्यू जर्सीने अलीकडे आपल्यापुरती मर्यादा बरीच वर नेली आहे. वा! याला म्हणतात पायऱ्या. मी कौतुकाने विचारलं, ‘‘पण मर्यादेच्या एक टक्का वर असलेल्याचं काय?’’

‘‘म्हणून तर हे कपाट आहे, हनी.’’

मग त्यांनी मला खात्यावर पैसे नसलेल्या मुलांचं सांगितलं. काही गावांत अशा मुलाच्या हातातलं गरम ताट काढून घ्यायचे आणि थंड चीज सँडविच द्यायचे. कुठे हातावर शिक्का मारायचे. २०१७ मध्ये न्यू मेक्सिकोने पहिल्यांदा कायदा करून हे बंद केलं. शिक्का हा शब्द ऐकून मी गप्प बसलो. मग त्यांनी उलट बाजूही सांगितली. सेंट पॉल शहरातल्या एका माँटेसरी शाळेत फिलँडो कॅस्टील नावाचे भोजनगृहाचे पर्यवेक्षक होते. पोराच्या खात्यात पैसे नसले की ते स्वतःच्या खिशातून भरायचे. २०१६ च्या जुलैत वाहतूक तपासणीच्या वेळी एका पोलिसाच्या गोळीने ते गेले. नंतर त्यांच्या नावाने लोकांनी इतके पैसे जमवले की सेंट पॉलच्या सगळ्या शाळांतल्या मुलांची जेवणाची थकबाकी फिटली. थकबाकी निर्लेखित करायला आम्हाला तीन समित्या लागायच्या.

या सगळ्याने मी पेटलो. आणि मी पेटलो की लोकांनी लांब उभं राहावं असं सौ. म्हणते.

दिवाळीच्या आधी गावातल्या मराठी मंडळींच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. आपला माणूस पाझरला की हात सैल सोडतो. आठवड्यात आमच्या गॅरेजात २० पिशव्या तूरडाळ जमली, प्रत्येकी चार पौंड. शिवाय पोहे, राजगिरा, आणि एका काकूंनी उत्साहाने दिलेला थालिपिठाच्या भाजणीचा डबा. मी सगळं गाडीत भरून शाळेत नेलं. नर्सबाईंनी डाळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली. ‘‘हे कसं खायचं?’’

‘‘सोपं आहे,’’ मी म्हटलं. ‘‘अर्धा तास भिजवायची, कुकरला तीन शिट्ट्या द्यायच्या आणि वरून फोडणी.’’

‘‘शिट्ट्या कोण देतं?’’

मग कळलं. त्या निळ्या हुडीवाल्याचं कुटुंब महामार्गावरच्या मोटेलात राहत होतं. खोलीत दोन पलंग, एक मायक्रोवेव्ह, शेगडी नाही. गॅस नाही तर कुकर नाही. शाळेतली बरीच मुलं अशीच. म्हणून कपाटातले डबेसुद्धा झाकणाला कडी असलेले हवेत. डबे उघडण्याचं हत्यार मोटेलात कुठून येणार? एक मुलगी म्हणे दर शनिवारी चण्याचा डबा खिडकीच्या कठड्यावर आपटून उघडायची. फरक काय तो एका कडीचा.

१९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याची माहिती मला त्या दिवशी मिळाली. घर गमावलेली मुलं शाळेतून गळू नयेत याचीही तरतूद त्यात आहे. आता प्रत्येक शाळा-जिल्ह्यात त्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. बेघर म्हणजे फक्त रस्त्यावरचा नव्हे. मोटेलात राहणारा, आणि अडचणीपायी दुसऱ्या कुटुंबात दाटीवाटीने राहणाराही त्यात येतो. मी चमकलो. डोंबिवलीला काकांकडे दोन खोल्यांत आम्ही अकरा जण होतो, आणि काकू दाराशी आलेल्या पाहुण्याला ‘राहा की’ म्हणायची. या व्याख्येने अर्धा महाराष्ट्र बेघर निघेल! घरी येऊन मी सुनेला विचारलं, ‘‘मीही दुसऱ्याच्या घरातच राहतो. मी बसतो का यात?’’

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘त्यासाठी घर लागतं गमावलेलं. तुमचा पुण्यातला फ्लॅट भाड्याने आहे आणि भाडं तुम्ही दर महिन्याच्या एक तारखेला रात्री बारा वाजता तपासता.’’

डाळ परत गॅरेजात आली.

इथवर जे झालं ते अडाणीपणाचं होतं. पुढचं मात्र मी पूर्ण शहाणपणाने केलं.

कपाटाचा कारभार पाहून माझ्या आतला शाखाधिकारी तळमळत होता. कोणीही यावं, काहीही न्यावं, नोंद नाही, शिल्लक नाही. कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली त्यातच लटकलेली असायची. नर्सबाई १० दिवस बहिणीकडे गेल्या तेव्हा मी संधी साधली. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, लाल शाईने रेघा मारल्या. अनुक्रमांक, दिनांक, नाव, इयत्ता, वस्तू, नग, कारण, सही. किल्ली खिशात घातली. दारावर सुवाच्य अक्षरात पाटी लावली : वस्तू नेण्यापूर्वी नोंद करावी.

पहिल्या दिवशी पाच नोंदी झाल्या. एका मुलीला मोजे हवे होते. ‘कारण’ या रकान्याशी ती बराच वेळ पेन धरून उभी राहिली. मग तिने लिहिलं : पाय.

मला ते उद्धट वाटलं. मी तिला नियम समजावून सांगितला की कारण सविस्तर हवं. तिने मोजे परत ठेवले. ‘‘राहू दे,’’ म्हणाली आणि गेली. मी लाल शाईने ती नोंद रद्द केली आणि बाजूला आद्याक्षरं केली.

दुसऱ्या दिवशी दोन नोंदी, त्यातली एक सही ‘बॅटमॅन’. तिसऱ्या दिवशी एक शिक्षिका आली आणि १४ वस्तू एकदम घेऊन गेली. कारण म्हणून तिने लिहिलं, ‘मला फार भूक लागते.’ त्या वस्तूंत मोजेही होते. मी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. (तीच शिक्षिका आमच्या सुनेची मैत्रीण निघाली आणि पुढचे चार दिवस घरात माझ्याशी कोणी चहापलीकडे बोललं नाही. मला वाटलं, थंडीमुळे.) चौथ्या दिवसापासून कोणीच आलं नाही. आधी आठवड्याला कपाटातून तीसेक पिशव्या भरून जायच्या. आता कपाट तुडुंब भरलेलं, रांगा सरळ, लेबलं समोर. इतकी सुंदर शिल्लक मी माझ्या कोणत्याही शाखेत पाहिली नव्हती.

नर्सबाई आल्या तेव्हा मी अभिमानाने अहवाल सादर केला. ‘‘अनावश्यक मागणी पूर्णपणे आटोक्यात आली आहे,’’ मी म्हटलं.

त्यांनी रजिस्टर उघडलं. सावकाश वाचलं. ‘पाय’पाशी बोट थांबलं. मग त्यांनी टेबलावरचा दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला : आजारी म्हणून खोलीत येऊन गेलेल्या मुलांची संख्या. त्या १० दिवसांत पोटदुखी कधी नव्हे इतकी वाढली होती. त्यांच्या बदली आलेल्या तात्पुरत्या नर्सने ती नोंदवली होती आणि कारणाच्या जागी ‘साथ?’ असं लिहिलं होतं.

मी आकड्यांचा माणूस. दोन रकाने शेजारी ठेवले की मला दिसतं. दिसलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘‘तुमचं अक्षर फार सुंदर आहे,’’ म्हणाल्या, आणि मला कागद फाडायच्या यंत्रापाशी घेऊन गेल्या. मुलांची नावं अशी उघड्यावर ठेवता येत नाहीत, विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा १९७४ पासून आहे, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. बँकेत आम्ही व्हाउचर आठ वर्षं जपायचो. माझं रजिस्टर आठ मिनिटांत शेवया झालं. पुठ्ठा यंत्रात जाईना, तो मी हाताने फाडला.

फाडताना वडील आठवले. ते आठवायला हा मुहूर्त मी निवडला नव्हता. १९३० च्या दशकात ते साताऱ्यात वार लावून शिकले. सात दिवस, सात घरं. गुरुवारच्या घरी साजूक तुपातला शिरा असायचा, पण घरच्या बाई ओटीवरून शेजारणीला हाक मारायच्या, ‘‘आज आमच्याकडे वाराचा मुलगा आहे हो!’’ शनिवारच्या घरी शिळी भाकरी आणि ताक. तिथली आजी म्हणायची, ‘‘बरं झालं आलास बाबा, उरलं असतं ते वाया गेलं असतं.’’ वडील ८१ वर्षं जगले. शिरा त्यांनी पुन्हा कधी खाल्ला नाही. शनिवारच्या भाकरीचं कौतुक मात्र आम्ही लहानपणापासून ऐकलं, इतकं की कंटाळून उठून जायचो. मी सर्वांत आधी उठायचो.

वार लागायलाही जात लागायची, हेही वडील सांगायचे. ज्यांना तो लागत नव्हता अशा मुलांसाठी त्याच साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. दाणे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. त्याचं कोणी व्हाउचर केल्याचं मी ऐकलेलं नाही.

नर्सबाईंनी मला काढून टाकलं नाही. किल्ली घेतली आणि खालच्या मजल्यावर कस्टोडियनच्या हाताखाली पाठवलं. कस्टोडियन म्हणजे शाळेची झाडलोट, बॉयलर, नळ, दारं सगळं बघणारा माणूस. इथे मला कळलं की खरी शाळा तळघरातून चालते. त्याच्या खोलीत एक कपडे धुण्याचं यंत्र आणि एक वाळवण्याचं. मळके कपडे म्हणून चिडवतात, त्यापेक्षा घरीच बसलेलं बरं, असं म्हणून पोरं शाळा बुडवतात. न्यूअर्कच्या वेस्ट साइड हायस्कूलचे मुख्याध्यापक अकबर कुक यांनी २०१८ मध्ये याच कारणासाठी वीज कंपनीच्या प्रतिष्ठानाकडून २०,००० डॉलर मिळवून शाळेतच धुलाईघर उभं केलं, तेव्हा देशभर बातमी झाली. आमच्या कस्टोडियनच्या यंत्राची बातमी नाही. पोरं व्यायामाच्या तासाला जातात तेव्हा एखादी पिशवी त्याच्या दाराशी येते आणि तास संपायच्या आत परत जागेवर जाते. कोणाची, हे तो विचारत नाही. मी एकदा विचारलं. त्याने मला मॉप दिला.

पण त्याचं खरं खातं वेगळं. शाळेच्या दाराशी हरवल्या-सापडल्याचा मोठा खोका आहे. पहिल्या थंडीत त्यात मला चार नवे कोरे कोट दिसले, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. माझा प्रामाणिकपणा जागा झाला. मी ते उचलून ऑफिसात नेले आणि म्हटलं, ‘‘मालकांची ओळख पटवून परत करायला हवेत. ध्वनिक्षेपकावर घोषणा करू.’’ ऑफिसातल्या बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनीच ते आणले होते. ज्या मुलाला कोट हवा असतो त्याला त्या म्हणतात, ‘‘तुझा कोट हरवलाय ना? खोक्यात बघ बरं.’’ आणि तो ‘सापडतो’. चिठ्ठ्या तेवढ्या काढायच्या राहिल्या होत्या.

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. चिठ्ठ्या कापायच्या, घड्यांच्या रेषा मोडायच्या, बाह्या जमिनीवर जरा घासायच्या, खिशात एखादा चुरगळलेला कागद किंवा संपलेली पेन्सिल टाकायची, म्हणजे कोट कोणाचातरी वाटतो. ३१ वर्षं मी जुन्या नोटा घेऊन नव्या दिल्या. आता नवे कोट जुने करतो. हात बसलाय. परवा कस्टोडियनने माझ्या एका कोटाची बाही उजेडात धरून पाहिली आणि मान डोलावली. बँकेत पदोन्नतीच्या वेळीही एवढा आनंद झाला नव्हता.

निळ्या हुडीवाला गेल्या महिन्यात दुसऱ्या गावी गेला. त्याला शिधा देताना मी कधी पाहिलं नाही, आणि त्यानेही माझ्याशी पुन्हा पोटदुखीचा विषय काढला नाही. मोज्यांची मुलगी आठवीत आहे. जिन्यात दिसली की मी तिच्या पायांकडे बघत नाही. बघायचं नाही, असं मला नर्सबाईंनी बजावलंय. पण एकदा बघितलं. होते.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना विनंती. जवळच्या शाळेला काही द्यायचं मनात असेल तर आधी शाळेच्या नर्सला फोन करा. झाकणाला कडी असलेले डबे, कपात होणाऱ्या शेवया, मोठ्या मुलांच्या मापाचे मोजे आणि आतले कपडे, सॅनिटरी पॅड. कोट दिलात तर चिठ्ठ्या काढू नका, ते काम माझं आहे.

आमच्या गॅरेजात तूरडाळीच्या १८ पिशव्या अजून आहेत. दोन सौ.ने वापरल्या. ज्याच्याकडे शेगडी आणि कुकर आहे त्याने येऊन न्याव्यात. गॅरेज उघडंच असतं. सही नको. कारणही नको.